मामाची आरएक्स, दिवाळीची साफसफाई आणि सिंकखालच्या बाटल्या

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

आली एकदाची गाडी. मामाच्या गोठ्यातनं छोट्या हत्तीत घालून शिरोळ तालुक्यातनं कोल्हापुरात आणली, टेम्पोवाल्याने वाटेत दोनदा विचारलं "विकायची का ओ?" आणि दोनदा नाही म्हणलो. यामाहा आरएक्स १००, १९९४ चं मॉडेल. ही गाडी १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, ९८ सीसी, टू-स्ट्रोक, आणि आमच्याकडे दूधवाल्यापासून पैलवानापर्यंत सगळ्यांनी हिच्यावर जीव टाकलाय, त्यामुळे टेम्पोवाल्याचा काही दोष नाही.

गाडीची कथा अशी, की २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा मामांनी ती गोठ्यातल्या कट्ट्यावर चढवली, पाणी फूटरेस्टपर्यंत येऊन थांबलं, सायलेन्सरमध्ये गाळ गेला, आणि पूर ओसरल्यावर बघू म्हणून जी ठेवली ती सहा वर्षं. टाकीतलं पेट्रोल तसंच, टाकीखालचा पेट्रोलचा नळ म्हणजे कॉक पण चालूच राहिलेला.

आज फक्त बघून घेतलं. प्लग काढून भोकातनं थोडं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) सोडलं, अर्धा तास थांबून हाताने हळू किक फिरवली. फिरते. म्हणजे पिस्टन जाम नाही, अर्धी लढाई जिंकली. जवळचा नवीन प्लग लावून बघितला तर ठिणगी पण आहे. टाकीचं झाकण उघडलं तेव्हा मात्र पेट्रोलचा वास नाहीच, जुन्या कपाटाला मारलेल्या वार्निशचा वास. मामांना फोन केला तर म्हणले, "कार्बोरेटर बघ आदी, लै घाण असणार त्यात."

बायकोने एक अट घातलीय, दिवाळीच्या खर्चात गाडी येता कामा नये. आणि दिवाळीच्या साफसफाईसाठी घरात आत्ता काय नाही ते विचारा: भांड्याचा लिक्विड साबण, पांढरं फिनाईल, सायट्रिक अ‍ॅसिडची पुडी (आई नळावरचे क्षाराचे डाग काढते), खायचा सोडा, धुण्याचा सोडा, चिंच, पितांबरी, टॉयलेट क्लीनर, ब्लीच. गेल्या महिन्यात हॉल रंगवला त्यातला उरलेला एनसी थिनर पण आहे. म्हणलं सिंकखालच्या बाटल्यांतच हे काम भागवायचं.

५ ऑक्टोबर, रविवार

कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, उतरवला. मिकुनी कंपनीचा, गोल स्लाइडवाला (रेस दिली की वर सरकतो तो तुकडा म्हणजे स्लाइड). सगळं गच्चीवर, किचनमध्ये नाही, कारण देवघरात समई चालू असते आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत जाते, ती वर उडून जाईल या भरवशावर कोणी राहू नका. जुनं पेट्रोल डब्यात काढलं, रंग पातळ चहासारखा.

खोलायच्या आधी दोन कामं केली. प्रत्येक पायरीचा फोटो काढला, आणि एअर स्क्रू (रेस न देता गाडी चालू असताना किती हवा मिसळायची ते ठरवणारा) काढायच्या आधी तो आत किती फिरतो ते मोजलं, हलकेच टेकेपर्यंत पावणेदोन फेरे. हे लिहून ठेवा, नंतर आठवत नाही म्हणजे नाही.

खालच्या वाटीचे, म्हणजे जिथे पेट्रोल साठतं तिचे, चार स्क्रू, त्यातले दोन सुटेनात. हे जपानी पद्धतीचे स्क्रू असतात, दिसायला आपल्या फुलीच्या स्क्रूसारखेच पण खाचेचा कोन वेगळा, साधा स्क्रूड्रायव्हर वर चढून घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. एक खाल्लंच. मग वाटीवर कडकडीत गरम पाणी ओतलं, स्क्रूड्रायव्हर खाचेत दाबून धरून मागनं हातोडीने टकटक केलं आणि मग सुटले.

आत काय होतं ते सांगतो. तळाला मधासारखा तपकिरी थर, सुकलेला, नखाने खरवडला तर तुकडे निघतात. पेट्रोल उडून जातं पण त्यातला जड भाग हवेशी मिळून चिकट होतो, मग कडक होतो, त्यालाच गम किंवा वार्निश म्हणतात. फ्लोट, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, एका बाजूला चिकटलेला. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी: मेन जेटमधनं (रेस दिल्यावरचा) उजेड दिसतो, पायलट जेटमधनं (रेस नसतानाचा) काहीच नाही. पितळेच्या भागांवर हिरवट थर. आणि कडेच्या भिंतींवर पांढरी पावडर, ही गंजाचीच बहीण, पेट्रोलमधलं पाणी तळाला बसून धातूला लागलं की होते.

म्हणजे तीन प्रकारची घाण एकाच वाटीत: बाहेरची माती-तेल, आतलं वार्निश, आणि धातूचा क्षार. हे तिन्ही एका बाटलीने जात नाहीत हे कळायला मला पुढचा एक आठवडा लागला.

आज पहिला हात भांड्याच्या साबणाचा. रबरी रिंगा, गॅस्केट, फ्लोट सगळं आधी वेगळं काढून एका डब्यात. कोमट पाणी, साबण, जुना टूथब्रश, वीस मिनिटं. बाहेरची माती आणि तेल शंभर टक्के गेलं, इतकं की आई म्हणाली नवीन आणलास का. वार्निशला ढिम्म फरक नाही. साबण तेल उचलतो, वार्निश आता तेल राहिलेलंच नाही.

हात काळे झाले होते त्याला उपाय: एक चमचा साखर आणि भांड्याचा साबण, कोरड्या हातावरच चोळायचं, पाणी नंतर. मिठापेक्षा साखर बरी, जखमेला झोंबत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागिरी, मसाला दूध पिऊन झाल्यावर रात्री अकराला गच्चीवरच कार्बोरेटर पांढऱ्या फिनाईलमध्ये बुडवला, चंद्राच्या उजेडात, बायको म्हणाली लोक दूध ठेवतात चंद्राखाली.

फिनाईल का, तर अमेरिकेतले जुन्या गाड्यांचे लोक पाइन-सोल नावाच्या फरशीच्या क्लीनरमध्ये कार्बोरेटर रात्रभर ठेवतात हे बऱ्याच वर्षांपूर्वी ऐकलं होतं. त्यामागे पाइनचं तेल, म्हणजे देवदाराच्या कुळातल्या चीड झाडाचं तेल, ते चिकट डिंकाला मऊ करतं. गंमत म्हणजे हल्लीच्या त्या बाटलीत पाइनचं तेलच नसतं. आपल्या पांढऱ्या फिनाईलच्या लेबलवर मात्र पाइन ऑइल लिहिलेलं आहे, म्हणलं बघू.

सकाळी काढलं. वार्निश थोडं मऊ झालेलं, टूथब्रशने निम्मं निघालं, कोपऱ्यातलं नाही. फिनाईलमध्ये पाणीच जास्त आणि तेल कमी, त्यामुळे ताकद तेवढीच. वास मात्र असा बसलाय की कार्बोरेटर हातात घेतला की सरकारी दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. धातूला काही इजा दिसली नाही. दहापैकी चार मार्क.

मग थिनर काढला. इअरबड थिनरमध्ये बुडवून वार्निशवर फिरवला आणि तो तपकिरी होऊन आला, एका फेरीत. एवढं सोपं होतं तर फिनाईलची रात्र कशाला घालवली. वार्निशला विरघळवणारं द्रावण लागतं, साबण नाही. बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर, ज्यात अ‍ॅसिटोन असतं, ते पण चालतं, एका कोपऱ्यावर करून बघितलं. पण एक लक्षात ठेवा, थिनर आणि अ‍ॅसिटोन फक्त उघड्या धातूला. प्लॅस्टिकचा फ्लोट असेल तर पांढरा पडतो, मऊ होतो, आणि रबरी रिंगा फुगतात, मग परत खाचेत बसत नाहीत. मी एक जुनी तुटकी रिंग मुद्दाम थिनरच्या झाकणात टाकून ठेवली होती, संध्याकाळी काढली तर दीडपट झालेली.

जेट्स चिंचेच्या कोळात दोन मिनिटं, चिमूटभर मीठ टाकून, पितळ लख्ख. आईने पितांबरीची पुडी पुढे केली, देवाच्या भांड्यांना सोन्यासारखी करते म्हणून, पण ती पावडर घासणारी असते, भोकात शिरली तर जेटचं भोक मोठं होण्याची भीती. जेटचं भोक हेच तर जेटचं काम आहे. भोकात सुई, पिन, टाचणी काहीही घालू नका, पितळ मऊ असतं. रंगाच्या ब्रशचा एक केस काढून ओवला, तो गेला. पायलट जेटमधनं पहिल्यांदा उजेड दिसला तेव्हा उगाच आनंद झाला.

११ ऑक्टोबर, शनिवार

आजची नोंद लिहायला लाज वाटतेय.

पांढरी पावडर राहिली होती ना, ती थिनरला जात नाही. क्षार म्हणजे अ‍ॅसिड, असं साधं गणित डोक्यात. नळावरचे डाग सायट्रिकने जातात तर हे का नाही. काल रात्री टबात गरम पाणी, त्यात तीन मोठे चमचे सायट्रिक अ‍ॅसिड, आणि खालची वाटी टाकली. टाकताक्षणी बारीक बुडबुडे यायला लागले, वाटलं वा, काम सुरू झालं. दहा मिनिटांत बघितलं तर पांढरं गेलेलं, स्वच्छ करडा धातू. तिथेच काढायला पाहिजे होतं. पण मी म्हणलं अजून थोडं उजळेल, आणि झोपलो.

सकाळी वाटी काळी. नुसती मळकट नाही, शाईसारखी काळी, आणि हात लावला तर काळं बोटाला येतं. ब्रशने घासल्यावर खाली खडबडीत, बारीक बारीक खड्डे पडलेले, गॅस्केट बसते ती कडसुद्धा. ते बुडबुडे घाणीचे नव्हतेच, धातू विरघळताना निघणारा हायड्रोजन होता.

घाबरून लगेच खायच्या सोड्याच्या पाण्यात टाकली, अ‍ॅसिड मारायला, आणि कार्बोरेटरची बॉडीसुद्धा वरच्या वर दहा मिनिटं सायट्रिकमध्ये घालून सोड्यातनं काढली. फेस आला, शांत झाला, नळाच्या पाण्याने धुतलं, उन्हात ठेवलं. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

आणखी एक, हा सगळा उद्योग बाथरूममध्ये चालला होता आणि शेजारीच ब्लीचची बाटली उघडी, बायको फरशी घासत होती. तिनेच आरडाओरडा करून मला बाहेर काढलं आणि बरोबर केलं. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो खेळ नाही. टॉयलेट क्लीनरच्या बाबतीत तर जास्तच, त्यात हायड्रोक्लोरिक असतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

शेजारच्या काकांची हयात उद्यमनगरात (कोल्हापुरातली कारखान्यांची वस्ती) फौंड्रीत गेली. वाटी त्यांच्या हातात दिली, त्यांनी तळहातावर उडवून बघितली आणि म्हणले, "हे अ‍ॅल्युमिनियम न्हवं. जस्त हाय. डायकास्टिंग. जस्ताला लिंबू पाजलंस व्हय?"

मी म्हणलं काका कशावरून. तर म्हणले वजनावरून, आणि तुला पटत नसंल तर मोजून बघ. मग आईच्या किचनच्या वजनकाट्यावर शाळेतला प्रयोग केला. वाटी कोरडी ५४ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य केलं, वाटी दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवली पण तळाला टेकू दिली नाही, काटा ८ ग्रॅम दाखवतो. हे ८ ग्रॅम म्हणजे वाटीच्या आकाराएवढं पाणी, तेव्हा ५४ भागिले ८, पाण्याच्या पावणेसातपट जड. अ‍ॅल्युमिनियम असतं तर २.७ च्या आसपास आलं असतं. जस्ताच्या डायकास्टिंगचं (साच्यात दाबाने ओतलेल्या धातूचं) साधारण एवढंच येतं, त्यात चारेक टक्के अ‍ॅल्युमिनियम मिसळलेलं असतं. म्हणजे काकांचा तळहात काट्याएवढाच बरोबर.

मग काकांनी एक चुंबक आणून दिलं, जुन्या स्पीकरचं, आणि गाडीचे सगळे सुटे भाग गच्चीवर मांडून दोघांनी वाटणी केली. चिकटतं ते लोखंड: टाकी, सायलेन्सर, त्याच्या आतली भोकांची नळी म्हणजे बॅफल, किकचा दांडा. चिकटत नाही ते जस्त, अ‍ॅल्युमिनियम, पितळ: कार्बोरेटर, हेड, कव्हरं, पिस्टन. काकांचं म्हणणं, तू घाण बघून बाटली उचलतोयस, धातू बघून उचल. लोखंडाला सौम्य अ‍ॅसिड पण चालतं आणि कॉस्टिक (गटार मोकळं करायचा सोडा) पण चालतं, जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम या दोघांना दोन्हीकडनं मार, अ‍ॅसिड पण खातं आणि कॉस्टिक पण. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घातला तरी अ‍ॅल्युमिनियम काळवंडतं, सोड्याने घासलेलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं कुणी बघितलं असेल तर कळेल. आणि पितळेला अमोनिया नको, काच पुसायच्या काही लिक्विडमध्ये असतो, लेबल वाचायचं.

मी आठवडाभर जे शिकत होतो ते त्यांनी चहा संपायच्या आत सांगितलं. असो.

वाटीची कड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकारात घासून सपाट केली. आतला काळा रंग तसाच, तो आता राहणार.

१५ ऑक्टोबर, बुधवार

टाकी. आत गंज, टॉर्च मारल्यावर गुळाच्या ढेपेसारखा रंग. चुंबक चिकटतं, म्हणजे इथे सायट्रिकला मोकळं रान.

कॉक काढून त्याजागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी लावून भोक बंद केलं. जुनं पेट्रोल काढून साबणपाण्याने दोनदा धुतली, कारण तेलकट पृष्ठभागावर अ‍ॅसिड लागत नाही. दहाएक लिटर गरम पाणी, अर्धा किलो सायट्रिक, काठोकाठ. बाहेरच्या रंगावर ओघळ येऊ नये म्हणून तोंडाभोवती ओलं फडकं. चोवीस तास. मधेमधे मूठभर नटबोल्ट टाकून हलवलं, आता टाकी भरल्यावर हलवायला दोन माणसं लागतात, पोरगा आणि मी.

आज ओतलं तर पाणी हिरवट-काळं, आणि आत करडा स्वच्छ पत्रा. जे रसायन वाटीला खाऊन बसलं त्यानेच टाकी वाचवली. पण गंमत बघा, धुवून पालथी घातली आणि वीस मिनिटांत परत पिवळसर झाक, उघडं लोखंड लगेच गंजतं. म्हणून परत हलकं सायट्रिक, परत धुणं, बायकोच्या हेअर ड्रायरने गरम हवा, टाकीत पेट्रोलचा थेंब नाही याची खात्री करून मगच, आणि लगेच आतनं टू-टी ऑइलचा हात फिरवला.

पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलवालं मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि टाकीतली जुनी चिकट घाण पण सोडवून खाली आणतं, त्यामुळे कॉकनंतर एक पारदर्शक फिल्टर लावला. टाकी साफ न करता नुसता कार्बोरेटर साफ करून बसवला असता तर तो आठवड्यात परत भरला असता.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. आई शेजारच्या गोठ्यात गायवासराची पूजा करायला गेली तेवढ्यात सायलेन्सर.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळतं, आणि जे नीट जळत नाही ते काळ्या कोळशासारखं सायलेन्सरमध्ये आणि एक्झॉस्टच्या तोंडाला साठतं. आमच्या बॅफलच्या भोकांत कार्बन आणि पुराचा गाळ यांचं चांगलं काँक्रीट झालेलं. मामांचा उपाय फोनवर: "चुलीत घाल की, लाल झालं की झटक." हा खरंच जुना उपाय आहे आणि चालतो, पण आमच्या अपार्टमेंटमध्ये चूल कुठली.

म्हणून कॉस्टिक सोडा. हा घरगुती म्हणावा का नाही माहीत नाही, तुंबलेल्या गटारीसाठी घरात येतो म्हणून धरला. इथे मी मस्करी करत नाही: रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पाणी आधी आणि सोडा त्यात थोडा थोडा, उलटं कधीच नाही, कारण विरघळताना इतकं तापतं की उसळी मारतं. प्लॅस्टिकची बादली, अ‍ॅल्युमिनियमचं घमेलं नाही, नाहीतर घमेल्याचीच भाजी. गार पाण्यात एक रात्र बॅफल, सकाळी काळा गाळ खाली आणि भोकं मोकळी. खळखळून धुतलं. गाळ डब्यात सुकवायला ठेवलाय, नाल्यात नाही ओतला.

सायलेन्सरचं मुख्य नळकांडं तसंच नुसत्या साबणपाण्याने आणि साखळी आत घालून हलवून. बाहेरच्या क्रोमवर टॉयलेट क्लीनर मारायचा मोह झाला होता, पण हायड्रोक्लोरिक क्रोम उतरवून टाकतं. क्रोम चॉकलेटच्या चांदीच्या कागदाने आणि साध्या पाण्याने घासलं, बारीक गंज निघतो.

हेडला आणि पिस्टनला कॉस्टिकचा वास पण दाखवला नाही. तिथला कार्बन आइस्क्रीमच्या लाकडी काडीने, थोडा थिनर लावून, पिस्टन वर घेऊन आणि पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली भोकं) फडक्याने बंद करून. वेळ लागला. लागू दे.

१९ ऑक्टोबर, रविवार

जोडणी. जेट्स, फ्लोट, नवीन गॅस्केट आणि रिंगा उद्यमनगरातनं आणल्या (बायकोला सांगितलंय, चालतंय म्हणाली). एअर स्क्रू आत टेकवून पावणेदोन फेरे मागे. टाकीत दोन लिटर पेट्रोल आणि लिटरला २५ मिली टू-टी, खरं तर हिला ऑइलचा पंप वेगळा असतो, ऑटोल्यूब, पण सहा वर्षांनी तो लगेच ऑइल देईल यावर मी इंजिन लावणार नाही.

चोक (थंड इंजिनाला सुरू करताना जास्त पेट्रोल देणारी कळ) ओढला. सहावी किक. सुरू!!! गच्चीखालच्या पार्किंगमध्ये निळा धूर, पोरगा नाचतोय, वरनं आई विचारतेय काय फुटलं.

आणि चोक सोडला की बंद. परत चोक, सुरू, सोडला, बंद. रेस धरून ठेवली तर चालते, हात सोडला की मेली. दोन तास हेच. एअर स्क्रू आत, बाहेर, काही फरक नाही, आणि फरक पडत नाही हेच महत्त्वाचं, म्हणजे पायलटच्या वाटेने काही येतच नाही. पण पायलट जेट तर मी स्वतः उजेडाला धरून बघितलाय.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. ओवाळून झालं, जेवण झालं, आणि कार्बोरेटर परत टेबलावर.

जेट स्वच्छ आहे. मग घाण जेटच्या पुढे. मिकुनीत पायलट जेटमधनं निघालेलं पेट्रोल बॉडीच्या आतल्या बारीक बोगद्यातनं जातं आणि स्लाइडच्या खाली दोन अगदी छोट्या भोकांतनं बाहेर येतं, ती भोकं तोंडातनं टॉर्च मारल्याशिवाय दिसत पण नाहीत. मागे मी थिनर पायलटच्या भोकात सोडून बघितला नव्हता. आज एअर स्क्रू काढला, सिरिंजने थिनर सोडला, स्लाइडखाली एक थेंब नाही.

आता बंद कशाने झालं बघा. सायकलच्या पंपाला फुटबॉलची हवा भरायची पिन लावली, पिन भोकात दाबून धरली, कडेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आणि पोराला म्हणलं मार. पाच-सहा दाबात फट्‌ झालं आणि टेबलावर पांढरा कण पडला. तपकिरी नाही, पांढरा. बोटात चुरला तर खडूसारखा.

वार्निश नव्हतंच ते. ११ तारखेचं माझंच पाप. सायट्रिकमध्ये जस्त विरघळलेलं, ते पाणी बोगद्यात राहिलं, वरनं मी सोड्याच्या पाण्यात बुडवला, दोघांचं मिळून पांढरा साका बसला, त्यात आमचं बोअरचं जड पाणी, आणि मी तसंच उन्हात वाळवलं. सहा वर्षांच्या पेट्रोलने जे भोक बंद केलं नव्हतं ते मी साफसफाई करून बंद केलं. बाहेरनं आरशासारखा.

पुन्हा सगळं: थिनर सिरिंजने प्रत्येक भोकात, पंपाने हवा, परत थिनर, परत हवा, जोवर स्लाइडखालच्या दोन्ही भोकांतनं बारीक धार येत नाही तोवर. शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने आणि लगेच हवा, मग शेवटी थिनर, म्हणजे पाणी राहत नाही. डोळ्यांवर चष्मा ठेवा, एक धार सरळ कपाळावर आली.

कार्बोरेटर साफ करायच्या स्प्रेचा डबा विकत आणला असता तर हे दहा मिनिटांचं काम होतं, कारण त्यात द्रावण पण आणि दाब पण. सिंकखालच्या बाटल्यांत द्रावण मिळतं, दाब मिळत नाही, तो पंपातनं आणावा लागला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. मामा अकराला आले. आईने ओवाळायला पाट मांडला, मामा म्हणले थांब गं अक्का, आदी गाडी बगू दे.

तिसऱ्या किकला सुरू. चोक सोडला. चालू. एअर स्क्रू हळूहळू फिरवत जिथे आवाज सगळ्यात सरळ येतो तिथे थांबलो, दीड फेऱ्याला. मामांनी चप्पल काढून शेजारी ठेवली, का ते मलाही कळलं नाही, आणि गाडीवर बसून नुसती रेस देत राहिले, गियर टाकला नाही. मग म्हणले आवाज थोडा बदललाय. मी म्हणलं मामा, बॅफल साफ केलाय. म्हणले, "न्हाई, पयल्यांदा असाच हुता. मधी बदलल्याला."

ओवाळणी अर्धा तास उशिरा झाली. आईने दोघांनाही बोलणी घातली.

२६ ऑक्टोबर, रविवार

रंकाळ्याला दोन चक्कर, साधारण बारा किलोमीटर. घरी येऊन प्लग काढला: चॉकलेटी, थोडा ओलसर, टाकीतही ऑइल आहे त्यामुळे ठीक. ऑटोल्यूबच्या पंपातनं हवा काढली, पारदर्शक नळीत बुडबुडे संपले, पुढची टाकी साध्या पेट्रोलची.

शिल्लक कामं. उभी केली की रात्रीत वाटीच्या कडेला एक थेंब जमतो, अ‍ॅसिडने खाल्लेली ती कड गॅस्केटला नीट बसत नाही, तोवर पार्क केली की कॉक बंद. वाटी नवीन शोधायची, उद्यमनगरात एकाने जुन्या कार्बोरेटरचं पोतं दाखवायचं कबूल केलंय. किकच्या दांड्याचा गंज, त्याला चुंबक चिकटतं, सायट्रिक अजून अर्धी पुडी आहे. सिरिंज आणि पंपाची पिन टूलच्या डब्यात टाकली, फुटबॉलसाठी पोराला दुसरी पिन आणायचीय, दोनदा विचारून झालंय त्याचं.